पुस्तक उघडले पाहिजे

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक-दुरुस्तीची खोली सुरू होताना मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या वर्षी शाळेने काहीतरी नवे उभारावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. संगणक कक्षाचे नूतनीकरण झाले, प्रयोगशाळेत नवी टेबले आली, त्यांची उद्घाटनेही यथासांग पार पडली. आज मात्र जिन्याखालच्या ज्या खोलीपाशी मी आपल्याला बोलावले आहे, तिथे नवे असे काही नाही. एक लाकडी शिकंजा आहे. तोही जुनाच, अ‍ॅव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीतून आणलेला. दाभणे, मेण लावलेला दोरा, हाडाची पट्टी, खळ शिजवायला एक पातेले आणि शेगडी, आणि भिंतीशी रचलेली आपल्या ग्रंथालयातली खिळखिळी झालेली पुस्तके. एवढाच या खोलीचा संसार.

ही कल्पना मुख्याध्यापिकाबाईंची, असे नंतर आभारप्रदर्शनात म्हटले जाईल. ते पूर्ण खरे नाही. ही खोली माझ्या दोन चुकांमधून निघालेली आहे, आणि त्या चुका आधी सांगितल्याशिवाय पुढचे काही बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी मुख्याध्यापिका झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी ग्रंथालयाची कपाटे ओसंडत होती. पुस्तकांवर आडवी पुस्तके, त्यांवर वृत्तपत्रांचे गठ्ठे. जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करावे, असे ठरले. यादी तयार झाली. पुस्तकांच्या नावांपुढे शेरे होते : ‘पाठ सुटली’, ‘पाने सैल’, ‘पुठ्ठा नाही’, ‘नादुरुस्त’. मी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सही केली. दाखल नोंदवहीत त्या क्रमांकांवर तांबडी रेघ ओढली गेली आणि शंभरावर पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत गेली. कपाटे मोकळी झाली, टापटीप दिसू लागली. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी कौतुकही केले.

काही महिन्यांनी आमच्या ग्रंथपालबाई माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्यांचा जुडगा होता. पुस्तके रद्दीत देण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाच्या शेवटच्या पानावरची तारीखपट्टी सोडवून घेतली होती. का, ते त्यांनाही नीट सांगता येईना. त्या पट्ट्या त्यांनी माझ्या टेबलावर मांडल्या. बहुतेक पट्ट्या दोन्ही बाजूंनी शिक्क्यांनी भरलेल्या; काहींवर एकावर एक तीन-तीन पट्ट्या चिकटवलेल्या. मग त्यांनी कपाटातले एक कोरे करकरीत पुस्तक आणून शेजारी ठेवले. त्याच्या पट्टीवर एकच तारीख होती, बारा वर्षांपूर्वीची. त्या म्हणाल्या, “बाई, मुलांनी वाचलेली पुस्तके आपण काढली आणि न वाचलेली ठेवली.”

मी निरुत्तर झाले. पुस्तक फाटते कशाने? कसर, वाळवी, पावसाची ओल ही कारणे आहेतच. पण शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक प्रामुख्याने फाटते ते वाचल्याने. घाईघाईने दप्तरात कोंबल्याने, गादीखाली लपवल्याने, एकाच्या हातातून दुसऱ्याने ओढून घेतल्याने. ‘नादुरुस्त’ या शेऱ्याची यादी ही खरे तर मुलांच्या आवडीची यादी होती आणि तिच्याखाली माझी सही होती.

दुसरी चूक या पश्चात्तापातूनच झाली. आता एकही पुस्तक टाकायचे नाही, अशा हट्टाने मी उरलेली सगळी सैल पुस्तके गाठोडी बांधून एका बाइंडरकडे पाठवली. दर कमी होता, मुदत आठ दिवसांची होती. आठव्या दिवशी पुस्तके आली. सगळी काळ्या रेक्झिनची, सगळी सारखी, सगळी मजबूत. इतकी मजबूत की शिक्षा म्हणून डोक्यावर मारता आली असती. त्याने जुने पुठ्ठे फेकून दिले होते, आणि त्यांच्याबरोबर मुखपृष्ठेही गेली. दीनानाथ दलालांच्या कुंचल्याने मराठी पुस्तकांना जे चेहरे दिले, त्यांतले काही आपल्याही कपाटात होते. ते आता नाहीत. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून त्याने तिन्ही बाजूंनी काप मारला होता. त्यात पानाभोवतीचा समास गेला आणि काही ठिकाणी पृष्ठांकही अर्धे कापले गेले. आणि शिवण? पाठीच्या घडीतून दोरा घालण्याऐवजी त्याने कडेला आरपार भोके पाडून पुस्तक वहीसारखे टाचले होते. ओळींची पहिली अक्षरे शिवणीच्या दरीत गडप झाली होती.

पाचवीतली एक मुलगी त्यांतले एक पुस्तक घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आली. मी विचारले, “का गं, आवडले नाही?” ती म्हणाली, “बाई, हे उघडतच नाही. हात काढला की मिटते.” तिला दोन हातांनी ते पुस्तक उघडून धरावे लागत होते आणि जेवताना वाचता येत नव्हते. जेवताना वाचू नये, हे सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

पहिल्या वेळी मी पुस्तके रद्दीत घातली आणि दुसऱ्या वेळी पुठ्ठ्यात गाडली. परिणामात फारसा फरक नव्हता.

त्यानंतर मी अ‍ॅव्हेन्यू रोडला गेले. जुन्या बेंगळुरूकरांना हा रस्ता दोड्डपेटे म्हणून ठाऊक आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांची दुकाने, शेजारी सुलतानपेटेत कागदाचे आणि लग्नपत्रिकांचे व्यापारी, आणि त्यांच्या पोटात, अरुंद जिन्यांच्या वर, पुस्तके बांधणारे कारागीर. तिथे मला अण्णा भेटले. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत आणि नाव घेऊ नका अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून मी नुसते अण्णाच म्हणते. अण्णांची भाषा कन्नड. मराठी त्यांना वाचता येत नाही. पण देवनागरी आकडे त्यांनी काम करता करता ओळखीचे करून घेतले आहेत आणि सुटी पाने लावताना त्यांची कधी चूक होत नाही. त्यांच्या दुकानात पुठ्ठ्याला रट्टू म्हणतात, शेजारचे उर्दू बोलणारे कारागीर बांधणीला जिल्द म्हणतात आणि मी आपली पुठ्ठाबांधणी म्हणत राहिले. आमचे काही अडले नाही.

मी आमची काळी पुस्तके त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक उघडले, सोडले, ते फटकन मिटले. मग आपल्या मांडीजवळचे एक जुने, त्यांनी बांधलेले पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवले. ते तसेच पडून राहिले. “पुस्तक असे झोपले पाहिजे,” ते म्हणाले, “हात काढला तरी.” एवढ्याच एका कसोटीवर ते बांधणीची परीक्षा करतात. पुढे दोन वर्षे मी आणि ग्रंथपालबाई शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जात राहिलो. जे शिकलो त्यातले थोडे सांगते, कारण घरोघरी जुनी पुस्तके आहेत आणि त्यांचे हाल मी पाहिले आहेत.

जुने पुठ्ठाबांधणीचे पुस्तक म्हणजे एकमेकांना शिवलेल्या लहान लहान वह्याच असतात. छापखान्यात मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पृष्ठे छापत. तो कागद तीनदा दुमडला की आठ पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे क्रमाने लावून प्रत्येकाच्या घडीतून दोरा आत-बाहेर नेत, आधीच्या फर्म्याला गाठीने जोडत वर वर चढत जायचे. याला जुजबंदी म्हणतात. दोरा घडीतून गेलेला असतो म्हणून पान मुळापासून उघडते. मग पाठीवर खळ, तिच्यावर विरळ विणीचे मलमलीसारखे कापड, मग कागद. आणि पुठ्ठ्यांचे कवच वेगळे तयार करून अस्तराच्या कागदाने आतल्या पुस्तकाला जोडलेले. म्हणजे वाचताना सगळा ताण येतो तो दोन खाचांवर, जिथे पुठ्ठा पाठीला मिळतो. कपाटातले पुस्तक आपण डोक्याला बोट अडकवून ओढतो तेव्हा पाठीचे कापड वरून फाटू लागते, आणि तिथून विनाश सुरू होतो. दोन्ही बाजूंची पुस्तके किंचित आत ढकलून मधले पुस्तक मध्यावर धरावे, ही साधी गोष्ट मी पंचविशी उलटून गेल्यावर शिकले, आणि तीही ग्रंथपालाकडून नव्हे, बाइंडरकडून.

बहुतेक वेळा आतली शिवण शाबूत असते, नुसते कवच सुटलेले असते. अशा पुस्तकाला पुन्हा शिवण्याची गरजच नसते. जुने कापड हळूच उचलायचे, खाली नवे कापड सरकवायचे, आणि नाव छापलेली मूळ पाठ पुन्हा वर चिकटवायची. पुस्तकाचा चेहरा तोच राहतो. शिवण तुटली असेल तर मात्र फर्मे सुटे करावे लागतात, घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावून घडी पुन्हा उभी करावी लागते, आणि मग शिवण. हाताचे काम दोन-तीन तासांचे; पण प्रत्येक टप्प्याला शिकंज्यात दाबून वाळू द्यायचे, त्यामुळे दिवस चार-पाच जातात. आठ दिवसांत शे-दीडशे पुस्तके कशी झाली असतील, याचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

खळीविषयी थोडे सविस्तर बोलते. या खोलीत फेविकॉल आणायचा नाही, हा अण्णांचा नियम आहे आणि तो फळ्यावर लिहून ठेवला आहे. मुलांना याचे नवल वाटते; फेविकॉल तर सगळ्यात पक्का! अडचण तीच आहे. तो एकदा वाळला की सुटत नाही. तीस वर्षांनी कोणाला हे पुस्तक पुन्हा दुरुस्त करायचे झाले तर त्याला कागद फाडल्यावाचून ते उकलता येणार नाही. मैद्याची खळ ओलसर फडके ठेवले की सैल होते. वाटीभर मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, मंद आच, न थांबता ढवळणे, पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचे, गार झाल्यावर फडक्यातून गाळायचे आणि त्याच दिवशी वापरायचे, कारण दुसऱ्या दिवशी ती आंबते. आपल्याकडे पूर्वापार तिच्यात मोरचूद घालत, कारण खळ म्हणजे झुरळांची आणि कसरीची मेजवानी. पण मोरचुदातले तांबे कागद लवकर कुजवते, हे आता कळलेले आहे. म्हणून आम्ही ते घालत नाही. त्याऐवजी दर महिन्याला कपाटे रिकामी करून झाडतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दुसरा इलाज नाही.

उकलता येईल अशीच दुरुस्ती करावी, हा विचार आज जगभर मानला जातो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि लाखो ग्रंथ चिखलात गेले. देशोदेशींची तरुण मुले ते हातोहात बाहेर काढायला धावली. त्या ग्रंथांवर काम करताना तज्ज्ञांच्या लक्षात आले की जाड पुठ्ठे आणि भरपूर सरस असलेल्या भारदस्त बांधणीपेक्षा, जवळजवळ विनासरसाची, चामड्याच्या मऊ वेष्टनातली साधी शिवलेली पुस्तके अधिक निभावली होती. हे वाचले तेव्हा मला आपली काळी रेक्झिनची फौज आठवली.

दुरुस्तीच्या आड येणारी खरी गोष्ट मात्र कागद. जुन्या मोडी कागदपत्रांचा हातकागद चिंध्यांचा, तागाचा. पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्यात, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद होत असे. तो दोन-अडीचशे वर्षांनंतरही बोटांना चिवट लागतो. आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकाचे पान कोपऱ्याला दुमडले तर बिस्किटासारखे मोडते! शाई फुटू नये म्हणून यंत्राच्या कागदात तुरटी आणि राळ घालण्याची पद्धत १८०७ साली जर्मनीत निघाली. पुढे चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा आला. तुरटीतून आम्ल तयार होते आणि ते कागदाला आतूनच खात जाते. अशा कागदातून सुई घातली की टपाल तिकिटांच्या भोकांवरून फाटावे तसे पान शिवणीवरून फाटते. म्हणून आता आम्ही आधी मागच्या एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा दुमडून पाहतो. दोन-तीन घड्यांतच तुटला तर त्या पुस्तकाला सुई लावत नाही. मापाची पेटी करतो, किंवा सरळ बासनात बांधतो. पोथ्या बासनात आणि पेशव्यांचे दफ्तर रुमालात बांधून ठेवणाऱ्यांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण धूळ, उजेड आणि ओल यांच्यापासून कागद कसा वाचवावा हे त्यांना ठाऊक होते.

गेल्या वर्षी या खोलीचा प्रस्ताव मांडला तेव्हा विश्वस्तांपैकी एकांनी रास्त प्रश्न विचारला होता : “बाई, एवढ्या श्रमांत आणि पैशांत नवी पुस्तके का घेत नाही?” मी त्यांची ऋणी आहे, कारण उत्तर शोधता शोधता माझाच गोंधळ दूर झाला. ज्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या मिळतात, त्यांसाठी त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. ‘श्यामची आई’ १९३५ पासून आजवर कधी दुर्मीळ झालेली नाही. तिची चिंध्या झालेली प्रत शिवत बसण्यापेक्षा नवी आणावी. ‘किशोर’चे अंक १९७१ पासूनचे बालभारतीने संगणकावर खुले केले आहेत; त्यांच्या फायली जपू, पण त्यांच्यावर जीव काढणार नाही. आजही मी निर्लेखनाच्या यादीवर सही करते. फक्त आता यादीबरोबर तारीखपट्ट्या मागवते.

पण यापलीकडे मराठी पुस्तकांचा एक मोठा साठा असा आहे की जो एकदाच छापला गेला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशा जिद्दीने केली. ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. ती कधी चाळून पाहा. प्रवासवर्णने, पाकशास्त्रे, शेतीची पुस्तके, मुलांसाठीच्या गोष्टी. त्यांतल्या किती आज आपल्याला कुठल्या दुकानात मिळतील? १८६७ पर्यंतच्या मराठी मुद्रितांना आपण ‘दोलामुद्रिते’ म्हणतो, म्हणजे मुद्रणकला पाळण्यात असतानाची पुस्तके, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था ती तळहाताच्या फोडासारखी जपतात. आपल्याकडे दोलामुद्रिते नाहीत. पण साठच्या, सत्तरच्या दशकांतली, पुन्हा न छापली गेलेली मुलांची पुस्तके आहेत. त्यांना कोणी दुर्मीळ म्हणत नाही, म्हणून कोणी जपतही नाही. पुण्यात अशी एक प्रत गेली तर दुसरी कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर सापडेल. बेंगळुरूत गेली तर गेली. इथे मराठी पुस्तक अजूनही कोणाच्या तरी सामानातून, उद्यान एक्सप्रेसने येते.

मराठी मुलखाबाहेर मराठी कागद कसा टिकतो, याचा दाखला शोधायला फार लांब जावे लागत नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे शहर घेतले आणि शहाजीराजे इथे नांदले. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले. त्यांच्या वंशातल्या सरफोजीराजांनी, १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत, तिथले सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आणले. तमिळ मुलखाच्या मध्यभागी मराठी हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे आजही आहेत, कारण ती सांभाळायची असे कोणीतरी ठरवले आणि पुढच्यांनी ते मोडले नाही. अर्थात ते राजाचे ग्रंथालय. आपले ग्रंथालय शाळेचे; इथले पुस्तक बाहेर जाणार, भिजणार, हरवणार, त्यावर वरणाचा डाग पडणार.

आणि इथे मला डॉ. रंगनाथन आठवतात. ग्रंथालयशास्त्राचे हे आचार्य आपल्याच शहरात राहिले. १९६२ साली त्यांनी इथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन केले आणि १९७२ साली इथेच देह ठेवला. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिले सूत्र हेच की पुस्तके वापरासाठी असतात. शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वाढता देह मानते. वाढत्या देहाने काही टाकायचेही असते, हे मी त्यातून घेते. पण पहिल्या सूत्रानुसार ज्याचा वापर झाला त्यालाच आधी टाकायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

पालकांना एक विनंती. पुस्तक फाटले तर घरी सेलोटेप लावू नका. ती दोन-चार वर्षांत पिवळी पडते, वरची पट्टी गळून जाते आणि चिकट तपकिरी डाग कागदात मुरून राहतो. तो आम्हाला काढता येत नाही. फाटलेले पान पुस्तकातच ठेवून तसेच आणून द्या. दंड होणार नाही. उलट पान आणून देणाऱ्या मुलाला ते स्वतः बसवायची संधी मिळेल. सहावी-सातवीची मुले खळ करतील, धूळ झाडतील, पट्ट्या लावतील. शिवणीची सुई आठवीपासून. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास अण्णा इथे बसणार आहेत. त्यांचे मानधन माजी विद्यार्थी संघाने उचलले आहे, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. त्या काळ्या पुस्तकांपैकी काहींची टाचणी आम्ही उकलली आहे. भोके राहिली, कापलेला समास परत आला नाही. पण पुस्तके आता झोपतात.

शेवटी, या टेबलावर जे पुस्तक उघडे आहे त्याविषयी. हे छापील नाही. शाळेच्या सातव्या वर्षीचे हस्तलिखित आहे. त्या काळी दर वर्षी मुलांच्या कविता, गोष्टी, चित्रे एकत्र बांधून एकच प्रत निघत असे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची अक्षरे त्यात आहेत. मघाशी दोघांनी आपापली ओळखलीही. ही प्रत कोणत्याही सूचीत नाही आणि तिची दुसरी प्रत जगात नाही. अण्णांनी ती पूर्ण उकलून पुन्हा शिवली आहे. उकलताना लक्षात आले की एक पान नाही. फाटलेले नाही, पट्टी धरून, पात्याने, अतिशय नीटस कापून नेलेले आहे. अनुक्रमणिकेत त्या जागी एका कवितेची नोंद आहे. ती कोणाची ते मी वाचून दाखवणार नाही. ज्याने कापले त्याने बहुधा आपलेच पान नेले असावे, आणि साठाव्या वर्षी त्याला कोणी जाब विचारणार नाही. अण्णांनी त्या जागी बोटभर रुंदीची हातकागदाची पट्टी शिवून ठेवली आहे. पान कधी आले तर तिच्यावर ते खळीने बसवता येईल.